रामाकोन्याची काळी

सोयाबीनचं फूल बहुतेकांनी नीट पाहिलेलं नसतं. शेतकऱ्यांनीसुद्धा. पानाच्या बेचक्यात ते लपलेलं असतं, गव्हाच्या दाण्याहून फार मोठं नसतं, आणि तुम्ही वाकून पाहीपर्यंत त्याचं काम आटोपलेलं असतं. मी मात्र नोकरीची बहुतेक वर्षं त्या फुलाकडे पाहण्यात घालवली. सौंसरच्या बाहेर, संत्र्याच्या बागा संपून कपाशीची वावरं लागतात तिथे आमचा संशोधनाचा फार्म. निवृत्तीच्या दिवशी मला शाल आणि नारळ देणारे साहेब भाषणात म्हणाले, की बीजप्रक्रियेत सुशीलाबाईंचं मोलाचं योगदान आहे. बीजप्रक्रिया म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध चोळणं. ते काम मी एक दिवसही केलेलं नाही. म्हणून हा लेख मीच लिहायला घेतला.

माझं काम संकराचं. सोयाबीनचं फूल उमलायच्या आधी, आतल्या आत, स्वतःचेच पराग स्वतःवर पाडून मोकळं होतं. त्याला बाहेरचं कुणी लागत नाही. त्यामुळे दोन वेगळ्या झाडांचं मूल हवं असेल तर माणसानं मध्ये पडावं लागतं. उद्या उमलेल अशी कळी आज सकाळी हेरायची. चिमट्यानं तिची हिरवी टोपी काढायची, मग पाकळ्या ओढायच्या. आत मधोमध एक बारीक दांडी दिसते, ती आई. तिच्याभोवती दहा पुंकेसर असतात, केसाएवढे. ते दहाच्या दहा काढायचे, दांडीला धक्का न लावता. मग दुसऱ्या झाडाचं आजच उमललेलं फूल आणून त्याचे पराग त्या दांडीवर हलकेच टेकवायचे आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. इतकं करून दहा फुलांतली दोन-तीन धरतात, बाकीची गळून पडतात. श्रावणात, चिखलात गुडघे रुतवून, पाठीवर ऊन घेत सकाळभर हेच चालतं.

मी फार्मावर आले ती निंदणाला, तण काढायला, रोजानं. एका साहेबानं माझी बोटं पाहिली आणि हातात चिमटा दिला. पुढची बढती वगैरे सोडून देते, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, आणि ती काळ्या सोयाबीनची.

ज्या वर्षी ती सुरू झाली त्या वर्षी पोळ्याच्या आधीच सगळा मुलूख पिवळा पडायला लागला. पिवळा मोझॅक नावाचा हा रोग पांढरी माशी पसरवते. आधी पानावर पिवळे ठिपके, मग पूर्ण पान पिवळं, मग शेंगा पोचट. औषध माशीवर मारता येतं, रोगावर नाही. सौंसर, पांढुर्णा, मोहगाव, जिकडून बस येई तिकडून शेतकरी पिशवीत पानं घेऊन येत. पांढुर्ण्याचे एक आजोबा तर मुळासकट झाड घेऊन आले आणि ते मॅडमच्या टेबलावर ठेवून म्हणाले, “पाहा मॅडम, हळद लागली माह्या वावराले. आता लगन तेवढं लावून द्या.”

मॅडम म्हणजे डॉक्टर मृणाल. भोपाळच्या मराठी घरातल्या, वयानं माझ्या मुलीच्या बरोबरीच्या, सहा महिन्यांपूर्वीच आमच्याकडे पैदासकार, म्हणजे नवे वाण घडवणाऱ्या, म्हणून रुजू झालेल्या. आजोबांच्या बोलण्यावर आम्ही हसलो, पण त्या हसल्या नाहीत. ते गेल्यावर त्या झाडाकडे पाहत बसल्या आणि मला म्हणाल्या, “सुशीलाबाई, आपल्या फार्मावरचे किती वाण पिवळे पडले?”

“सगळेच पडून राहिले मॅडम. कोनी कमी, कोनी जास्त.”

“तेच मला विचित्र वाटतंय. इतके वेगवेगळे वाण आहेत, तर एखादा तरी टिकायला हवा.”

त्यांनी आमच्या कोठीतल्या झाडून सगळ्या वाणांची पानं बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवली, जनुकांचा क्रम वाचून घ्यायला. मला काही कळेना, तर त्यांनी समजावलं. झाडाच्या प्रत्येक पेशीत त्याच्या घडणीचा मजकूर असतो. अक्षरं चारच, पण ती उलटसुलट क्रमानं शंभर कोटींहून जास्त वेळा येतात. यंत्र तो क्रम वाचतं. दोन झाडांचे क्रम शेजारी ठेवले की कुठे फरक आहे ते दिसतं, आणि फरक जितका कमी तितकं नातं जवळचं.

अहवाल आला तेव्हा मॅडमनी मला खोलीत बोलावून एक तक्ता दाखवला. वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या पाकिटांत, वर्षानुवर्षं आम्ही जपलेले ते वाण बहुतेक सख्खे नाही तर चुलत भावंडं निघाले. दोन पाकिटांत तर नावं निराळी आणि झाड एकच होतं. त्या पाकिटांवर अक्षर माझं. दरवर्षी मी ती दोन ठिकाणी पेरत होते, दोन ठिकाणी मोजत होते.

“सगळे एकाच आजीचे नातू,” मॅडम म्हणाल्या. “आजीला जो रोग झेपत नव्हता तो नातवांनाही झेपत नाही. आपण घरातल्या घरात लग्नं लावत बसलोय. आपल्याला बाहेरचं कुणीतरी पाहिजे. या घराण्याशी संबंध नसलेलं.”

तेव्हा मला काळी आठवली.

माझी आई रामाकोन्याला लोकांच्या वावरात निंदायला जायची. तिथून ती कधीकधी पदरात बांधून काळे दाणे आणायची, आणि आम्ही ते उकडून, मीठ लावून खायचो. त्याला सगळे नुसतं ‘काळी’ म्हणत. ते सोयाबीनच होतं, हे मला फार्मावर लागल्यावर कळलं. पिवळं सोयाबीन आलं आणि काळी गेली. मंडीत काळा दाणा कोण घेणार? पण कुणाच्या तरी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, उरली असेल, असं मी मॅडमना म्हटलं. त्या म्हणाल्या, “उद्याच जा.”

रामाकोन्यात चार घरी विचारलं. सगळ्यांनी गिरजाबाईंचं घर दाखवलं. सत्तरीच्या बाई, काटक, अंगणात सुपानं तीळ पाखडत होत्या. मी फार्मावरून आले म्हटल्यावर सूप थांबलं.

“मावशी, तुमच्याकडं काळी हाये म्हनते.”

“हाये. इकाची नोहे.”

“इकत नाही मांगत. मूठभर बी पायजे. फार्मावर लावाले.”

त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमचेच फार्मावाले आले होते व माय, माहे पोरं लहान होते तवा. जीपमंदी बसून. काळी टाकून द्या म्हने, पिवळी लावा. सगळ्या गावानं टाकली. आन आता तूच मांगाले आली काय?”

खरंच होतं ते. त्या जीपमध्ये मी नव्हते, पण फार्म माझाच होता. “चुकलं आमचं,” मी म्हटलं.

फार्मावरचं माणूस असं म्हणेल याची त्यांना अपेक्षा नसावी. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि विचारलं, “कोनाची व तू?”

“चंद्रभागेची. सौंसरची. माही माय निंदाले येत होती इकडे.”

“चंद्रभागेची पोरगी? बापा! तुह्या मायच्या हातचं निंदन म्हंजे वावर झाडून घेतल्यावानी दिसे.” त्या उठल्या. “चाल, दाखोतो तुले.”

गावाबाहेर त्यांच्या मुलाचं सोयाबीन होतं, पिवळंजर्द. शेजारच्यांचंही तसंच. आणि धुऱ्याच्या कडेनं एक ओळ गेली होती, पसरट, गुंतलेली, अंगावर पांढरी फुलं असलेली, पोपटासारखी हिरवी. मी खाली बसून एक पान उलटं केलं. खाली पांढऱ्या माश्या चिकटून होत्या. दुसरं पान उलटलं, तिथेही होत्या. म्हणजे माशी इथे येत नव्हती असं नाही. येत होती, चावत होती, आणि पानाला काही होत नव्हतं. मी बसल्या बसल्या सरकत पूर्ण ओळीची पानं उलटून पाहिली.

गिरजाबाई म्हणाल्या, फुकट नेलेलं बी उगवत नाही, बदल्यात बी आण. पुढच्या आठवड्यात मी गावरान चवळीचं बी घेऊन गेले आणि गाडग्यातली, राखेत ठेवलेली मागच्या सालची काळी घेऊन आले. पाकिटावर लिहिलं: रामाकोना, गिरजाबाई.

काळीच्या पानांचा अहवाल आला त्या दिवशी मॅडम खोलीतून जवळजवळ पळतच शेतात आल्या. “सुशीलाबाई, ही कुणाचीच नातेवाईक नाही!”

पुढच्या श्रावणात संकर करायचा ठरला. आई आपला नेहमीचा वाण, भरपूर पिकणारा, मंडीत चालणारा. बाप काळी. संकर करणारी अर्थात मी. सगळ्या फार्मावर माझ्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता, आणि मी कुणाला शिकवलंही नव्हतं. दोन-तीन जणींनी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, “पाहून पाहून येते.” शिकवायला वेळ नव्हता असं नाही. ती विद्या मला माझ्या मुठीत हवी होती. निंदणाऱ्या बाईच्या पोरीला साहेब लोक नावानं हाक मारतात ते त्या चिमट्यामुळे, हे मला ठाऊक होतं.

त्या हंगामात शेंगा धरल्या आणि त्यातून एकोणीस दाणे मिळाले. एकोणीस म्हणजे चांगलेच. पुढच्या साली ते पेरले, एकोणीसच्या एकोणीस उगवले आणि मी फार्मावर छाती पुढे काढून फिरू लागले. रोपांना तीन पानं आल्यावर मॅडमनी प्रत्येकाच्या पानाची टिकलीएवढी चकती पाडून प्रयोगशाळेत पाठवली. मला ते थोडं लागलंच. माझ्या दोऱ्याची खात्री आजवर कुणी करून घेतली नव्हती.

अहवाल आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“बसा. एकोणीसमधली तीन रोपं संकराची आहेत.”

“आन बाकीची?”

“बाकीची सोळा नुसती आई आहेत. त्यांच्यात काळीचा अंशही नाही.”

“असं कसं? दोरा मी बांधला आहे मॅडम. कागद चुकला असन.”

त्या वाद घालत बसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मीही आधी तेच धरलं. म्हणून दोनदा तपासून घेतलं.”

ते सोळा दाणे ज्या कळ्यांतून आले, त्यांच्यात आईचे स्वतःचेच पराग राहून गेले होते. मी दहा पुंकेसर काढले असं समजत होते आणि ते दहा नव्हते. मी तडक शेतात गेले. एक कळी घेतली, नेहमीसारखी सोलली, दहा मोजले. मग कोठीतलं भिंग आणून पाहिलं. आठच निघाले होते. दोन दांडीला चिकटून तसेच उभे होते.

मला वर्षभरापासून धूसर दिसत होतं. सकाळच्या उन्हात डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं व्हायचं. घरीही सांगितलं नव्हतं. फार्मावर कळलं असतं तर चिमटा काढून घेतला असता आणि पोती मोजायला बसवलं असतं, ही भीती. हात चालत होते, हातांना सवय होती, आणि त्या सवयीवर मी दिवस ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमसमोर सगळं कबूल केलं. वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, “डोळ्याचं आधी का नाही बोललात?” आणि मग, “तीन आहेत ना? तीन पुरेत. पण आता त्या तिघांना जपायचं.”

नागपूरला जाऊन मोतीबिंदू काढून आले. पट्टी सुटल्यावर दवाखान्याच्या खिडकीतून समोरच्या लिंबाचं पान न् पान वेगळं दिसलं तेव्हा आनंद झाला, आणि लगेच मनात आलं, त्याआधीची वर्षं? ज्या संकरांत आई-बापाचं फूल एका रंगाचं, दाणाही एका रंगाचा, तिथे खरं-खोटं ओळखायला आमच्याजवळ काहीच नव्हतं. डोळे चांगले होते तेव्हाही घाई व्हायची, ढग यायचे. त्यातले किती दोरे खोटे होते? ती झाडं केव्हाच गेली, तपासायला काही उरलं नाही. हा विचार अजूनही कधीकधी येतो.

एक मात्र केलं. निंदणाच्या बायांमधल्या दोघींना बोलावलं आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. “पाहून पाहून” नाही, शेजारी बसवून, भिंगाखाली मोजून घेऊन शिकवलं.

ती तीन झाडं आम्ही जाळीत वाढवली. ससा येऊ नये म्हणून मी जाळीची कड दगडांनी दाबून ठेवायचे आणि रोज सकाळी आधी तिकडेच जायचे. हंगामअखेर शेंगा फोडल्या. सोळा झाडांतून पिवळे दाणे निघाले, तिघांतून काळेभोर. कागद अक्षर न् अक्षर खरा होता.

आता खरी परीक्षा होती. त्या काळ्या दाण्यांतून जी झाडं येतात, म्हणजे काळीची नातवंडं, त्यांच्यात सगळी सरमिसळ असते. कुणी आजीवर, कुणी आजोबांवर. कुणाचं फूल जांभळं, कुणाचं पांढरं. कुणी पिवळं पडणार, कुणी नाही. त्या प्रत्येकाचा मजकूर वाचायचा, शेतात कोण हिरवं राहतं ते पाहायचं, आणि दोन्ही याद्या जुळवायच्या. हिरव्या राहणाऱ्या सगळ्यांमध्ये काळीचा जो तुकडा सारखा निघेल, तिथेच रोगाशी लढायची ताकद आहे. ती जागा एकदा सापडली की पुढे रोगाची वाट पाहायला नको. रोप बोटभर असतानाच पानावरून सांगता येतं की ठेवायचं की उपटायचं.

आम्ही तिन्ही झाडांचं बी पेरलं. मधूनमधून, लवकर पिवळ्या पडणाऱ्या वाणाच्या ओळी मुद्दाम लावल्या, म्हणजे माशी आणि रोग दोन्ही भरपूर यावेत. मी आणि त्या दोघी बायांनी प्रत्येक रोपाची टिकली पाडून ट्रेमध्ये भरली. ट्रेला शहाण्णव खळगे असतात. असे चार ट्रे गेले. त्या वर्षी मोझॅकही मनासारखा आला. काही झाडं पिवळीधमक, काही हिरवीगार. बघायला येणारे वेड्यासारखे बघत राहायचे, की एकाच कुटुंबातलं एक झाड पिवळं आणि शेजारचं हिरवं कसं.

आणि याद्या जुळेनात.

मॅडम दिवसचे दिवस संगणकासमोर. हिरव्या झाडांत काळीचा असा एकही तुकडा सापडेना जो सगळ्यांत सारखा आहे. त्यांचा चेहरा उतरत गेला. वरून विचारणा होत होती, की या एका काळीवर किती हंगाम घालवायचे. एक दिवस त्या म्हणाल्या, “ही ताकद एका जागी नसेल सुशीलाबाई. दहा ठिकाणी विखुरलेली असेल. मग आपल्याच्यानं हे होणार नाही. पुढच्या सालचा प्रस्ताव मी मागे घेते.”

मी विचारलं, “मॅडम, त्या कागदात आणखी काय काय कळते? फुलाचा रंग कळते?”

“हो, ती जागा सगळ्यांना ठाऊक आहे. का?”

“मग एक नंबरच्या झाडाचं फूल कोन्या रंगाचं लिहिलं आहे?”

त्यांनी पाहिलं. “पांढरं.”

“नाही मॅडम. एक नंबर जांभळा आहे.”

सोयाबीनचं रोप जमिनीतून वर येतं तेव्हाच त्याच्या कोवळ्या देठाकडे पाहिलं तर फुलाचा रंग सांगता येतो. देठ जांभळट तर फूल जांभळं, देठ हिरवा तर फूल पांढरं. जुनी खूण आहे. मी कुणी न सांगता, सवयीनं, माझ्या वहीत प्रत्येक रोपापुढे ‘जां’ किंवा ‘पां’ लिहून ठेवलं होतं आणि पुढे फुलं आल्यावर पडताळलंही होतं. वही आणली. मॅडम कागद वाचत गेल्या, मी वही. एक चुकलं. दोन जुळलं. तीन चुकलं, चार चुकलं. पहिल्या ट्रेचं काही धड लागेना. दुसरा ट्रे घेतला. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर. तिसराही बरोबर. चौथा पुन्हा पहिल्यासारखाच, चुकलेला.

मी वहीचं पहिलं पान पुन्हा काढलं आणि पहिल्या ट्रेचा कागद खालून वर वाचायला सांगितला. शेवटचा खळगा म्हणजे माझा एक नंबर.

“शहाण्णव?”

“जांभळं.”

“माह्याकडे एकले जांभळं. पंच्याण्णव?”

“पांढरं.”

“दोनले पांढरं.”

दहाव्या झाडापर्यंत पोचलो तोवर मॅडम उठून उभ्या राहिल्या होत्या. दोन ट्रे कुठेतरी उलटे धरले गेले होते, शेवट तो पहिला झाला होता. आमच्याकडे फिरले की तिकडे, ते आम्ही शोधलं नाही. निम्म्या झाडांना दुसऱ्याच झाडांचा मजकूर चिकटला होता, मग जुळणार काय?

मॅडमनी दोन्ही ट्रेची यादी उलटवून पुन्हा मांडली. मी शेजारी उभी. संगणकाच्या पडद्यावर एक रेघ होती, सपाट, खालच्या खाली सरपटणारी. ती एके ठिकाणी ताडासारखी उभी राहिली. मॅडम माझा हात धरून म्हणाल्या, “जुळलं. एकच जागा आहे.”

बाहेर येऊन मी नळावर तोंड धुतलं. कुणी पाहू नये म्हणून.

त्यापुढचं काम लांबलचक होतं, पण धास्तीचं नव्हतं. काळीत रोगाशी लढायची ताकद होती तशा खोडीही होत्या. वेलीसारखी पसरायची, दाणा बारीक, आणि शेंगा वाळल्या की वावरातच तडतडून फुटायच्या. म्हणून मुलांचा संकर पुन्हा आपल्या वाणाशी, त्यांच्या मुलांचा पुन्हा आपल्या वाणाशी, असं करत जायचं. दर पिढीला काळीचा वाटा निम्मा होतो. तो तुकडा मात्र हातचा जाऊ द्यायचा नाही. दरवेळी टिकल्या, दरवेळी ट्रे. ट्रेचा एक कोपरा आता आम्ही लाल रंगानं रंगवून पाठवायचो. आणि कळ्या सोलायला आता आम्ही तिघी होतो. त्या दोघींचे संकर माझ्याहून जास्त खरे निघायला लागले. पहिल्या वेळी मला जरा वाईट वाटलं, हे खरं सांगून टाकते. दुसऱ्या वेळेपासून मी त्यांचे आकडे स्वतःच्याच आकड्यांसारखे सांगत फिरायला लागले.

मनासारखं बी तयार झालं तेव्हा ते घेऊन मी आणि मॅडम रामाकोन्याला गेलो. गिरजाबाई आता काठी घेऊन चालत होत्या. त्यांच्या मुलाच्या वावरात आम्हाला चाचणीचा तुकडा लावायचा होता. त्यांनी हातावर दाणे घेतले, उन्हात धरले.

“हे तं पिवळं हाये.”

“रंग पिवळा आहे आजी,” मॅडम म्हणाल्या, “पण तुमच्या काळीची ताकद याच्यात आहे. हे पिवळं पडणार नाही.”

गिरजाबाईंनी सुनेला तवा ठेवायला लावलं, मूठभर दाणे भाजून घेतले आणि आम्हा दोघींसमोर बसून एकेक चावून पाहिला. “चव नाही आली,” त्यांनी निकाल दिला. “थे काहून नाही घेतली?”

मॅडम हसल्या. “चव कुठं लिहिलेली असते ते अजून वाचता येत नाही आजी.”

“मंग मी आपली काळी लावतो धुऱ्यावर. वाचता आलं का सांगजा.”

चाचणी झाली. त्यांच्या मुलाच्या वावरात तो तुकडा हिरवा राहिला, शेजारचं पिवळं झालं. दुसऱ्या वर्षी आणखी गावं घेतली. मी निवृत्त झाले तोवर वाणाला नाव मिळायचं होतं, नुसता नंबर होता.

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पांढुर्ण्याची गोटमार, दगडफेकीची जत्रा, आटोपल्यावर मी सावरगावला भाचीकडे गेले होते. सकाळी एकटीच पांदणीनं चालत निघाले. एका धुऱ्यावर पांढरा दुपट्टा बांधलेला, चाळिशीतला शेतकरी उभा होता. त्याचं अर्धं सोयाबीन पिवळट, अर्धं हिरवंगार. मी थांबले. वाकून एक शेंग हातात घेतली, पान उलटून पाहिलं.

“का पाहून राहिल्या मावशी?” तो जवळ आला.

“हे इतलं हिरवं कसं, म्हनून पाहून राहिली.”

त्याला तेवढंच पाहिजे होतं. “हे नवं हाये. फार्मावरचं. अजून दुकानात नाही भेटत, मले चाचनीले देलं. माशी बसते, पन पानाले काई होत नाही. इकडे या, हे खोड पाहा. शेंगा पाहा, मोजा.” त्यानं मला पूर्ण धुरा फिरवून आणला. पेरताना ओळीत किती अंतर ठेवायचं, बी किती खोल टाकायचं, पाणी साचू द्यायचं नाही, सगळं समजावून सांगितलं. दोन गोष्टी चुकीच्या सांगितल्या. मी ऐकून घेतल्या.

“हे कसं केलं असन त्याहिनं?” मी विचारलं.

“मशिनीनं करते मावशी. मोठी मशीन असते. पान टाकलं का सगळं सांगते.” मग जरा विचार करून म्हणाला, “पन कोनीतरी हातानंबी करत असन. एवढं बारीक फूल, मशीन काय करन त्याले?”

मी शेंग हळूच पानांत सोडून दिली.

जाता जाता त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे, चष्म्याकडे, स्वच्छ लुगड्याकडे पाहिलं आणि काळजीनं विचारलं, “तुमाले समजलं ना मावशी, म्या सांगतलं थे? सोयाबीनमंदलं कळते काई तुमाले?”

“कळते,” मी म्हटलं. “थोडं थोडं.”